फळीवरची जागा

"रिक्षावाल्यांनी गेटच्या बाहेर थांबायचं," वॉचमन म्हणाला.

"मी बाहेरच हाय. आत पाय तरी टाकलाय का?" मी म्हणाले. "ईशान जगदाळेला ताप आलाय. त्याच्या आईचा फोन आलाय मला, घरी आणून सोडा म्हणून. तेवढा त्याला घेऊन या."

तो पुटपुटत आत गेला. मी गेटचे गज धरून उभी राहिले. साडेअकरा वाजले असतील. एरवी या वेळेला मी पोवई नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत असते. शाळा भरल्यावर आणि सुटायच्या आधी ही शाळा कशी दिसते, ते मी तीन वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात तिसरीचा वर्ग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीकडं निघाला. चित्रकलेचा तास तिकडं असतो, म्हणून सगळी पोरं दप्तरासकट निघाली होती. पुढं पोरगे, मागं पोरी. पोरींच्या ओळीत सगळ्यांत शेवटी माझी समीक्षा.

पाठीवर तिचं स्वतःचं दप्तर. पोटावर दुसरं, उलटं अडकवलेलं. दोन्ही खांद्यांवर एकेक. गळ्यात पाण्याच्या चार बाटल्या. आठ वर्षांची पोर, त्या ढिगातून तिचं तोंड तेवढं वर आलेलं. आणि तिच्या पुढं तीन पोरी रिकाम्या हातानं, एकमेकींना टाळ्या देत चाललेल्या.

"फळी, लवकर चल ना," त्यातली एक मागं वळून म्हणाली. मी तिला ओळखलं. रेवा शिर्के. शाहूनगरच्या डॉक्टर शिर्क्यांची. माझ्याच रिक्षातून रोज येणारी.

समूनं पावलं उचलली, तशी एक बाटली गळ्यातून निसटून खाली पडली. रेवाच्या पायाशीच पडली. रेवानं पाय तेवढा बाजूला घेतला. समूला वाकता येत नव्हतं, म्हणून ती गुडघ्यांवर बसली, हात लांब करून बाटली ओढली आणि भिंतीचा आधार घेत उठली. हे तिनं इतक्या सराईतपणे केलं, की हे आज पहिल्यांदाच नाही एवढं मला कळलं.

उठताना तिची नजर गेटकडं आली. तिनं मला बघितलं. आणि ओळख न दाखवता ती पुढं गेली.

मी हाक मारणार होते. पण तेवढ्यात वॉचमन ईशानला घेऊन आला. पोरगं तापानं फणफणलं होतं. त्याला पुढं माझ्याजवळ बसवलं आणि निघाले. गोडोलीच्या चौकात सिग्नल लाल असताना मी तशीच गाडी घातली, आणि एका मोटरसायकलवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. मी त्याला एक शब्द उलट बोलले नाही. यावरून मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं, माझं काय झालं होतं.

त्या वेळी माझ्या रिक्षात आठ पोरं असायची. मागच्या सीटवर पाच दाटीवाटीनं. ड्रायव्हरच्या पाठीमागं, सीटच्या समोर, एक लाकडी फळी ठोकून घेतलेली. शाळेच्या सगळ्याच रिक्षांना असते तशी. फळीवर ईशान, आणखी एक बालवाडीतला पोरगा आणि समू. समूला त्या शाळेत मी पैसे भरून घातलं नव्हतं. तेवढे पैसे माझ्या बापजन्मात नव्हते. गरिबांच्या पोरांसाठी सरकारनं ठेवलेल्या जागांच्या सोडतीत तिचा नंबर लागला, आणि ती जायचीच आहे तर त्याच शाळेची पोरं न्यावीत, म्हणून मी शाळेची रिक्षा सुरू केली. नवऱ्याची कंबर गेली होती, त्याच्यानं तासभर बसवत नव्हतं. रिक्षा दारात उभी राहून गंजण्यापेक्षा मी परवाना काढला. आम्ही राहतो त्या करंज्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांनाच स्टँडवर सोडून भाडं घेतलं.

दुपारी शाळा सुटली. समू रोजच्यासारखी सगळ्यांच्या आधी पळत आली. एकेकाचं दप्तर घेऊन तिनं बाहेरच्या हुकांना अडकवलं, लहान पोराला उचलून फळीवर बसवलं, दांडी लावली आणि त्याच्याशेजारी बसली. मी आरशातून रेवाकडं बघत होते. खिडकीशी बसून चॉकलेटचा कागद चाटत होती. एवढीशी पोर, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मनात म्हटलं, थांब, तुझी जिरवते.

शाहूनगरला बंगल्यासमोर गाडी थांबवली. समू उतरली, हुकाचं दप्तर काढलं. रेवानं दोन्ही हात मागं केले आणि उभी राहिली. समूनं पट्टे तिच्या हातांत घातले, वर खांद्यापर्यंत सरकवले. रेवा गेटातून आत गेली. ना थँक्यू, ना टाटा.

"कसली राणी लागून गेलीय," मी म्हणाले.

समूनं चढून दांडी लावली. पुढच्या घराशी पुन्हा उतरली.

घरी आल्यावर मी तिला हातपाय धुवून चहा-चपाती दिली आणि समोर बसले.

"फळी कुणाला म्हणत्यात?"

"मला."

"का?"

"असंच."

"कधीपासनं?"

"दुसरीपासून." तिनं चपातीचा तुकडा चहात बुडवला आणि तो गळून पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"टीचरला सांगितलं न्हाईस?"

"टीचर पण देतात ना वह्या उचलायला. सगळ्यांना सांगतात, समीक्षा इज व्हेरी हेल्पफुल."

"म्हंजे?"

"म्हणजे मी मदत करते."

"आन तू न्हाई म्हणालीस तर काय करत्यात त्या पोरी?"

"रेवा म्हणते, तू फ्रीमध्ये शिकतेस, फ्रीमध्ये बसतेस, मग काम कोण करणार." हे तिनं पाढा म्हणावा तसं म्हटलं. मग कपातला गाळ बघत म्हणाली, "आई, मला आपल्या करंज्याच्या शाळेत घाल."

"नगरपालिकेच्या?"

"हां. मला माझं एकटीचंच दप्तर न्यायचंय."

नवरा खाटेवर आडवा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मी उठले तसा म्हणाला, "शालन, डोकं थंड ठेव. शिर्के बाईनंच तुला निम्मी पोरं मिळवून दिली. ती फिरली तर सगळी फिरतील."

"फिरू द्यात."

"फिरू द्यात म्हणती. मग खायाचं काय?"

"पोरगी शाळा सोडायची म्हणती, आन तुम्हाला शिर्के बाई दिसती व्हय?"

"मी काय म्हणतो, जरा गोडीनं बोल."

"गोडीनंच बोलते. तुम्ही पडा."

मला कुणी गोडीनं बोलताना बघितलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं सोडली, रिक्षा भिंतीला लावली आणि गेटवर गेले. वॉचमन तोंड उघडायच्या आतच मी त्याच्या वहीत लिहिलं: शालन दत्तात्रय भिसे, पालक, तिसरी ब. त्यानं वही उलटी करून वाचली आणि बाजूला झाला.

प्रिन्सिपल कर्णिक मॅडम नुसती मान वर करून म्हणाल्या, "बसा."

"उभीच बरी हाय. माझ्या पोरीला तुमच्या शाळेत हमाल केलंय, ते सांगायला आलीय."

त्यांनी चष्मा काढला. मी बघितलं-ऐकलं तेवढं सगळं सांगितलं. चार दप्तरं, चार बाटल्या, ते नाव, फ्रीमध्ये शिकतेस ते. आवाज चढला असणार, कारण बाहेरचा शिपाई दोनदा डोकावून गेला.

"हे बघा," कर्णिक मॅडम म्हणाल्या, "समीक्षाच्या टीचरनी मला नेहमी सांगितलंय की ती स्वतःहून मदत करते. काही मुलांचा स्वभावच असतो तसा."

"मग बाकीच्या पोरींचा का न्हाई तसा स्वभाव? ह्या स्वभावाच्या पोरी सोडतीतनंच निघत्यात व्हय?"

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "मी रेवाच्या आईंना बोलावते. समोरासमोर होऊ दे."

शिर्के मॅडम दहा मिनिटांत आल्या. गाडीची चावी हातात, केस ओलेच. मला बघून आधी हसल्या. "अहो मावशी, तुम्ही? काय झालं, रिक्षाला काही झालं का?" मग कर्णिक मॅडमनी सगळं सांगितलं, तसं हसू गेलं.

"मुलं आहेत मॅडम. नावं ठेवतात, खेळतात. आपण मोठ्यांनी किती मनावर घ्यायचं?"

"खेळ असंल तर बरं," मी म्हणाले. "मग उद्यापासनं तुमची रेवा हमाल होईल. चार दप्तरं ती उचलंल, माझी समू मागनं म्हणंल, लवकर चल ना. आठवडाभर खेळू द्यात. मग मी मनावर घेत न्हाई."

"तुम्ही जरा नीट बोला. माझ्या मुलीवर असे संस्कार नाहीत. घरात कामवाल्या मावशींना ती ताटसुद्धा उचलू देत नाही."

"मग शाळेत कुणाचे संस्कार हायेत?"

कर्णिक मॅडमनी घंटी वाजवली आणि दोघी पोरींना बोलवायला सांगितलं. दोघी आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. समू माझ्याकडं बघून लगेच खाली बघायला लागली. रेवाची हनुवटी आधीच थरथरत होती.

"रेवा," कर्णिक मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. खरं सांग. समीक्षाला दप्तरं उचलायला तू लावतेस?"

"हो."

शिर्के मॅडम म्हणाल्या, "रेवा?"

"असं का करावंसं वाटलं तुला? कोणी सांगितलं?"

"रिक्षा मावशींनी," रेवा म्हणाली.

मी म्हणाले, "काय?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. बोट करताना रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. "मावशीच म्हणतात ना रोज. समू, उतर. समू, सगळ्यांची दप्तरं घे. ताईंना बसू दे सीटवर, तू फळीवर बस. एकदा मी माझं दप्तर घेत होते तर मावशी म्हणाल्या, तुम्ही नका उचलू, समू आहे ना." तिनं बाहीला नाक पुसलं. "मला वाटलं, तिचं कामच आहे ते."

खोलीत पंखा फिरत होता. त्याची कडी कुईकुई वाजत होती.

शिर्के मॅडमनी चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"समीक्षा," कर्णिक मॅडम हळूच म्हणाल्या, "असं म्हणते का आई?"

समूनं मान वर केली. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "नाही. रेवा खोटं बोलतेय. आई असं कधीच म्हणत नाही."

मी तिच्याकडं बघितलं. स्वतःसाठी या पोरीनं दीड वर्षांत एकदा तोंड उघडलं नव्हतं. चार दप्तरं उचलली, नाव ऐकून घेतलं, टीचरला सांगितलं नाही, मलासुद्धा सांगितलं नाही. आणि आता माझी लाज राखायला ती तिघींसमोर धडधडीत खोटं बोलत होती.

मी गप्प बसले असते तर त्या दिवशी जिंकले असते. कर्णिक मॅडमचा तिच्यावर विश्वास बसला होता, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रेवा आणखी जोरात रडायला लागली होती.

"समू खोटं बोलतीय," मी म्हणाले. "रेवा खरं बोलतीय. मीच म्हणते तसं. रोज म्हणते."

"आई," समू म्हणाली.

"तू गप ऱ्हा." मग मी शिर्के मॅडमकडं वळले. "तुम्हाला आठवतंय का, मला माहीत न्हाई. समू पहिलीत होती. तवा ती खिडकीत बसायची. पावसाळ्यात तुम्ही एकदा गेटवर येऊन म्हणाला होता, मावशी, आम्ही पैसे भरायचे आणि आमची मुलं चेंगरून बसणार, तुमची मुलगी खिडकीत. आठवतंय?"

त्यांनी नजर चावीवर नेली. पण आठवलं असावं, कान लाल झाले.

"दुसऱ्या दिवशी मी तिला फळीवर बसवलं. तुम्ही सांगितलं न्हवतं तसं. तुम्ही नुसतं बोलला, आन मी घाबरले. मग वाटलं, नुसती बसून आली तर उद्या आणखी कुणीतरी बोलंल. कामाला लावली तर फुकट बसती म्हणून कुणाला म्हणता येणार न्हाई. म्हणून दप्तरं घ्यायला लावली. तुमच्या पोरींनी बघितलं, आन तेच इथं आत आणलं. लेकरं हायेत. जे दिसतं तेच करत्यात."

"मग आता प्रश्नच मिटला ना," शिर्के मॅडम म्हणाल्या. आवाजात जरा जीव आला होता. "चूक तुमचीच होती."

"माझी होतीच. कबूल केली ना? पण मी केलं ते रिक्षात. गेटच्या आतली चूक माझी न्हाई. इथं वर्गात टीचर हाय, ह्या मॅडम हायेत. दीड वर्ष एक पोर चार दप्तरं घेऊन तुमच्या मैदानातनं जाती, आन तुम्ही तिला हेल्पफुल म्हणता. ते कुणाचं?"

कर्णिक मॅडमनी बराच वेळ टेबलाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ते आमचं."

त्या बाईबद्दल मला आजही एवढ्यासाठी आदर आहे. मोठ्या खुर्चीतल्या माणसाला हे दोन शब्द बोलताना मी पुढं फार वेळा बघितलेलं नाही.

"आम्ही एक सूचना काढू, वर्गावर्गात वाचून दाखवू," त्या म्हणाल्या.

"सूचना नको. पुढच्या चित्रकलेच्या तासाला मी गेटवर उभी ऱ्हाईन. माझ्या पोरीच्या पाठीवर एकच दप्तर दिसलं पायजे. आन तिला तिच्या नावानं हाक मारलेली ऐकू आली पायजे. रिक्षातलं मी आज दुपारी बदलते."

निघताना मी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. ती दचकली. "खरं बोललीस," मी तिला म्हणाले. शिर्के मॅडमनी तिचा हात धरून तिला स्वतःकडं ओढलं.

दुपारी शाळा सुटली. समू पळत आली आणि सवयीनं पहिल्या पोराच्या दप्तराला हात घातला.

"ठेव ते," मी म्हणाले. "आजपासनं ज्याचं दप्तर त्यानं अडकवायचं. हात पुरत न्हाई त्याला मी देते. आन जागा रोज बदलणार. आज जे सीटवर ते उद्या फळीवर. मी नावं लिहून चिकटवणार हाय, भांडायचं न्हाई."

पोरं क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग पाचवीतला एक पोरगा म्हणाला, "मावशी, मी आत्ताच फळीवर बसू? तिथून मागच्या गाड्या दिसतात." आणि बसलासुद्धा. मोठ्या माणसांना जे करायला धाप लागते ते पोरं अशी चटकन करून मोकळी होतात.

रेवा आली नव्हती. शिर्क्यांची पांढरी गाडी तिला न्यायला आली होती. संध्याकाळी शिर्के मॅडमचा फोन आला. "आमची मुलगी फळीवर बसणार नाही. दुसऱ्याच्या हौसेखातर नाही आम्ही तिला पाठवत."

"मग तुम्ही दुसरी सोय बघा, मॅडम."

"तुम्हाला परवडेल का बघा."

"माझं मी बघते."

त्यांच्या पाठोपाठ आणखी दोन पोरं गेली. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलायचं असलं की समूला सांगायचा, आईला म्हणावं डाळ संपलीय. डाळ त्याच्या समोरच्या डब्यात असायची.

पण त्या पहिल्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सगळी पोरं सोडून झाल्यावर रिक्षात मी आणि समूच राहिलो. ती फळीवर बसली होती. मी म्हणाले, "अगं, आता बस की सीटवर. मोकळी हाय सगळी."

"नको."

"का? मी काय बोलत न्हाई आता."

"मला इथंच आवडतं."

मला वाटलं, भीती अंगात मुरलीय पोरीच्या. गाडी बाजूला घेतली. "समू, खरं सांग. माझ्यासाठी खोटं बोलायचं न्हाई, एकदा बोललीस तेवढं बास."

"खरंच सांगते," ती म्हणाली. "फळीवर बसलं की माझी पाठ तुझ्या पाठीला लागते."

मी समोर बघत राहिले. समोर एक ट्रक रिव्हर्स घेत होता आणि त्याचा क्लीनर मला हात करत होता, रिक्षा काढा म्हणून.

"तुझी पाळी गुरुवारी," शेवटी मी म्हणाले. "गुरुवारी बस. आज पाळी न्हाई तुझी. सीटवर जा."

ती गेली. मधोमध बसली, पाय लांब सोडून. तिचे पाय खाली टेकत नव्हते.

चित्रकलेच्या तासाला मी गेटवर गेले. तिसरीचा वर्ग निघाला. प्रत्येक पोरीच्या पाठीवर एकेक दप्तर होतं. टीचर ओळीच्या शेवटी चालत होत्या, माझ्याकडं न बघता. समूच्या पाठीवर एक. मी मोजलं. मग पुन्हा मोजलं. एकपर्यंतच मोजायचं होतं, पण दोनदा मोजलं. वॉचमन म्हणाला, "पाणी पिता का?" त्यानं बाटली गजातून दिली. मी अख्खी बाटली प्यायले. मला तहान लागलीय हे मला माहीतच नव्हतं.

करंज्याच्या शाळेचं नाव समूनं पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तिनं ती शाळा दहावीपर्यंत केली, आणि त्या काळात तिला कुणी आणखी काय काय बोललं ते ती मला सगळं सांगत नसणार. पण दप्तर एकच होतं.

तीन आठवड्यांनी रविवारी शिर्के मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता काय.

"मावशी, उद्यापासून रेवा येईल. जागा आहे ना?"

"हाय. पण पाळी बदललेली न्हाई."

"माहीत आहे. गाडीत तिला एकटीला करमत नाही. रोज रडते. म्हणते, सगळे मागच्या गाड्या बघतात आणि मी एकटीच पुढं बघते. ठीक आहे. बसू दे पाळीनं."

"तिचं दप्तर तिनंच—"

"हो हो. ते पण कळलं मला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी रेवा तिचं दप्तर दोन्ही हातांनी ओढत गेटबाहेर आली. हुकाला अडकवायला तिला तीन वेळा उडी मारावी लागली. समू सीटवर बसून बघत होती. मला वाटलं, ही आता उतरणार. ती उतरली नाही. तिसऱ्या उडीला पट्टा हुकात गेला.

दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बुधवारी सकाळी मी नाक्यावरून शाळेच्या चढाला लागले आणि मागून आवाज आला.

"सरक. खिडकी माझी आहे आज."

"तुझी काल होती."

"काल मी फळीवर होते. तू झोपली होतीस, तुला काय माहीत."

"मी झोपत नाही रिक्षात."

"झोपतेस. तोंड उघडं टाकून झोपतेस. ईशानला विचार."

"ए ईशान, मी झोपते का?" रेवानं विचारलं.

"घोरते पण," ईशान म्हणाला.

"तू गप रे, पिल्लू. आणि समीक्षा, तुझा हात काढ माझ्या मांडीवरून."

"तुझी मांडीच माझ्या जागेवर आलीय. ही रेघ बघ. इथपर्यंत माझं."

"रेघ कुणी काढली?"

"मी काढली. सकाळी. खडूनं."

"मावशी, ही बघा ना, रेघा मारते."

"आईला काय सांगतेस, मला सांग. मी आहे ना इथं."

त्या दोघींतला तो चढा, घोगरा, कुणाच्या बापाला न ऐकणारा आवाज माझ्या पोरीचा होता. मी तो घरातसुद्धा कधी ऐकला नव्हता. भांडायचं नाही असा नियम मीच घातला होता. मी मागं वळले नाही, कुणाला गप्प बसवलं नाही. पुढच्या वळणावर शाळा दिसायला लागली असती, आणि भांडण अजून अर्ध्यातच होतं. मी गिअर उतरवला आणि रिक्षा होईल तेवढी सावकाश घेतली.